गावाचा शिक्का

आमच्या घरी पत्रे येण्याचे दिवस सरले, त्याला आता बरीच वर्षे झाली. पोस्टमन अजून येतो, नाही असे नाही. पण येतो तो बँकेचे नाही तर विमा कंपनीचे पाकीट घेऊन, आणि अशी पाकिटे उघडण्याची घाई कोणत्याही गृहस्थाला नसते. त्यामुळे गेल्या भाद्रपदात एक जाडजूड पाकीट, वर परदेशी तिकिटे आणि चक्क हाताने लिहिलेला पत्ता, असे दारात आले तेव्हा घरात मोठी खळबळ उडाली. सौभाग्यवतींनी ते उजेडात धरून पाहिले. धाकटीने तिकिटांवर आपला हक्क सांगितला. बाबांनी चष्मा पुसला. आणि दादा, म्हणजे माझे थोरले बंधू, जे त्या वेळी ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते, ते वर्तमानपत्राची घडी घालून शांतपणे वरच्या मजल्यावर निघून गेले.

कारण पत्र चिमणीचे होते.

चिमणी ही माझी पुतणी. दादाची एकुलती एक मुलगी. शाळेच्या दाखल्यावर तिला चांगले भारदस्त नाव आहे. पण जन्मतः ती इतकी एवढीशी होती, आणि इतका चिवचिवाट करी, की बाबांनी ठेवलेले हे नाव तिला चिकटले ते चिकटलेच. 2018 साली ती पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीत ब्रेमेनला गेली, त्या दिवशी आमच्या कोराडीत जो तो दादाला म्हणत होता, ‘‘पोरीनं अटकेपार झेंडा लावला!’’ दादाने त्या दिवशी सगळ्या आळीत पेढे वाटले होते. मी मराठीचा मास्तर असल्यामुळे, मराठ्यांचे घोडे अटकेला पोचले ते 1758 साली, अशी पुस्ती जोडून लोकांना थोडा कंटाळाही आणला होता.

या पाकिटातून आला तोही झेंडाच. पण निराळा.

हातरुमालापेक्षा थोडा मोठा, कापडी. तांबडे आणि पांढरे आडवे पट्टे. काठीच्या बाजूला त्याच दोन रंगांची सोंगट्यांच्या पटासारखी चौकटी. सोबत एक छापील चित्र होते: तांबड्या ढालीवर तिरपी ठेवलेली रुपेरी किल्ली, आणि वर सोन्याचा मुकुट. ब्रेमेन शहराचे हे निशाण आणि ही त्याची मुद्रा. चिमणीने लिहिले होते, ‘‘काका, आता हे माझ्याही गावाचे.’’

ही बातमी आम्हाला चैत्रातच कळली होती. चिमणीने तिकडचे नागरिकत्व घेतले. जर्मनीने 2024 साली कायदा बदलला. तेव्हापासून त्यांची आडकाठी नाही, जुने नागरिकत्व ठेवून नवे घ्या म्हणतात. पण आपला कायदा तसे म्हणत नाही. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की आपले आपोआप संपते. पासपोर्ट परत करावा लागतो. पुढे परदेशस्थ भारतीयाचे कार्ड मिळते, येण्याजाण्याला अडचण नसते. पण मत देता येत नाही आणि पासपोर्टावरचे ते चार सिंह जातात. चिमणीने हे सगळे फोनवर शांतपणे समजावून सांगितले. दादानेही शांतपणेच ऐकून घेतले, आणि फोन वहिनींच्या हाती दिला. त्यानंतर त्याने तिच्याशी बोलणे टाकले. भांडण नाही, आदळआपट नाही. फोन वाजला की तो संडासच्या बाजूचा नळ तपासायला जाई. सहा महिने आमच्या घरातला तो नळ सारखा तपासला जात होता.

आता या पत्रात चिमणीने माझ्यापुढे एक काम टाकले होते. तिकडे म्हणे लहानशा खेड्यालासुद्धा स्वतःचे चिन्ह असते. दहा हजारांहून अधिक गावे आणि शहरे, आणि बहुतेक प्रत्येकाची आपापली ढाल. कोणाच्या ढालीवर गव्हाची ओंबी, कोणाच्या पाणचक्की, कोणाच्या पूल. खाणीच्या गावांच्या ढालीवर एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन हातोडे. तिच्या कचेरीत शेजारी बसणाऱ्या बाईंनी तिला विचारले, तुझ्या गावाचे चिन्ह कोणते? हिने सांगून टाकले, काकांना विचारून सांगते. ‘‘तुम्ही मराठीचे प्राध्यापक आहात,’’ तिने पुढे लिहिले होते, ‘‘शोधून काढा, आणि नसेल तर तयार करून पाठवा. किल्लीच्या शेजारी लावायचे आहे.’’ आणि अगदी खाली, बारीक अक्षरात : ‘‘बाबांना दाखवले तरी चालेल.’’

मी प्राध्यापक आहे. मला कोणी काम सांगितले की मी ते करत नाही, त्याविषयी वाचतो. तसेच झाले.

आधी ती किल्ली घेतली. ही सेंट पीटरची किल्ली. येशूच्या या शिष्याकडे स्वर्गाच्या किल्ल्या आहेत अशी श्रद्धा, आणि ब्रेमेनच्या मोठ्या देवळाचा तो आश्रयदाता संत. म्हणजे देवाची वस्तू गावाने आपल्या दारावर लावली. शेजारच्या हॅम्बुर्ग शहराच्या ढालीवर किल्ला आहे आणि त्याचा दरवाजा मिटलेला आहे. तेव्हा ब्रेमेनचे लोक म्हणतात, हॅम्बुर्ग हे जगाचे दार असेल, पण किल्ली आमच्याकडे आहे! दोन शहरांतली ही कुरबुर वाचून मला पुणे आणि मुंबई, नव्हे नागपूर आणि मुंबई, यांची आठवण झाली आणि ब्रेमेनविषयी एकदम आपुलकी वाटली. तिथला कापसाचा बाजारही जुना, 1872 सालचा. विदर्भातल्या माणसाला कापूस म्हटला की नाते लागतेच. त्या पट्ट्यांच्या निशाणाला मात्र तिथले लोक थट्टेने डुकराच्या चरबीचे निशाण म्हणतात. तांबडे-पांढरे थर तसे दिसतात म्हणून. हे मी घरात वाचून दाखवले नसते तर बरे झाले असते. सौभाग्यवतींनी ते निशाण देवघराच्या कोनाड्यातून उचलून माझ्या पुस्तकांच्या कपाटावर नेऊन ठेवले.

या शास्त्रात मला सर्वांत आवडला तो शब्दांचा खेळ. बर्लिनच्या ढालीवर अस्वल का? तर तिकडच्या भाषेत अस्वलाला जे म्हणतात त्याचा आणि बर्लिनच्या नावाचा उच्चार जवळचा. म्यूनिकच्या ढालीवर साधू का? तर ते नावच तिथल्या मठातल्या साधूंवरून पडले. मोठमोठ्या सरदारांनी आणि नगरांनी आपली इभ्रत एका कोटीवर उभी केली आहे! वर्गात मी कोटी केली की पोरे हूं म्हणतात. इथे तीच कोटी सातशे वर्षे दगडात कोरून उभी आहे.

मग वाटले, हे आपल्याकडे नव्हते काय? होते की. मोऱ्यांचे देवक मोराचे पीस आणि कदमांचे कळंब, यात दुसरे काय आहे? लग्नाआधी देवक बसवतात. ते झाडपाल्याचे, पिसाचे किंवा शस्त्राचे असते आणि ते कुळाचे असते. फरक इतकाच की आपण ते ढालीवर रंगवून दारावर टांगले नाही. मांडवात पुजले आणि कार्य झाल्यावर विसर्जित केले. चिन्ह तर आहे, पण मिरवायचे नाही. मला हा फरक फार मोठा वाटतो, पण त्यावर लेखणी सोडली तर हा लेख परीक्षेच्या पेपरासारखा होईल.

दगडावरची चिन्हेही आहेत. जुन्या दानाच्या शिळांवर वरच्या बाजूला चंद्र-सूर्य कोरलेले असतात. ते आहेत तोवर हे दान चालावे. खाली, जो कोणी मोडील त्याच्यासाठी, गाढवाचे शिल्प असलेली शिवी. आपल्या भाषेच्या जुन्या लेखांपैकी काही असे शिवीसकट आपल्यापर्यंत आले आहेत. पहिल्या वर्षाच्या वर्गात हा भाग शिकवताना हजेरी भरघोस असते. आमच्या विदर्भात त्याहून ठळक चिन्ह आहे ते गोंड राजांचे. चंद्रपूरच्या परकोटाला जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अचलेश्वर असे चार दरवाजे. त्यांवर हत्तीला खाली घालून त्याच्यावर आरूढ झालेला सिंह कोरलेला आहे. आमचे नागपूर वसवले तेही गोंड राजा बख्त बुलंद शहाने. चंद्रपूरला जाल तेव्हा मान वर करून तो सिंह जरूर पाहा. बहुतेक लोक खालच्या वाहतुकीकडे पाहत निघून जातात.

चिन्ह दुसऱ्याने बहाल केले तर काय होते, हेही मी वाचले. 1 जानेवारी 1877 ला दिल्लीत दरबार भरला आणि व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर झाले. त्या वेळी आपल्या राजेरजवाड्यांना एकेक निशाण देण्यात आले. सुमारे नव्वद निशाणे. रेशमी कापड, त्यावर युरोपी पद्धतीची ढाल. आराखडे केले रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालमधल्या एका मुलकी अधिकाऱ्याने. ज्या घराण्यांची निशाणे पिढ्यान्‌पिढ्या घोड्यावर चालली, त्यांना एका साहेबाने टेबलाशी बसून ढाली आखून दिल्या! ती निशाणे इतकी जड होती की पेलायला दणकट शिपाई लागत. शिंद्यांच्या नागांसारखी काही चिन्हे त्यांच्या स्वतःच्या परंपरेतलीच त्यात आली, हे खरे. आणि योगायोग पाहा, त्याच दिवशी इकडे नागपुरात जमशेटजी टाटांची कापडगिरणी सुरू झाली आणि तिला एम्प्रेस मिल असे नाव मिळाले. दिल्लीतली निशाणे कपाटांत गेली. नागपुरातल्या गिरणीने मात्र पुढे शंभर वर्षे हजारो घरांत चूल पेटवली. आता ती गिरणीही राहिली नाही.

मुंबईची गोष्ट त्याच काळातली. शहराच्या ढालीवर लॅटिन भाषेत लिहिले होते की हिंदुस्थानातले पहिले नगर ते हे. ‘अर्ब्स प्रायमा इन इंडिस.’ आता मुंबई महापालिकेच्या चिन्हावर, धर्म असेल तिथे जय असतो, अशा अर्थाचे संस्कृत वचन आहे. पहिल्या वचनात बढाई आहे आणि दुसऱ्यात अट आहे. मला दुसरे अधिक आवडते, पाळायला अवघड असले तरी. आपल्या राज्याच्या मुद्रेत समई आहे आणि भोवतीचे शब्द शिवाजी महाराजांच्या मुद्रेवरून घेतलेले आहेत. प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी ही मुद्रा लोकांच्या कल्याणासाठी शोभते, असा तो आशय. फक्त शहाजीपुत्र शिवाच्या जागी महाराष्ट्र राज्य हे शब्द घातले आहेत. फारसी शिक्क्यांच्या काळात ती मुद्रा संस्कृतात होती, आणि कोर वाढेल हे सांगणारी होती. जगातल्या सगळ्या ढाली एकीकडे ठेवल्या तरी हे सुचणे मला थोर वाटते.

पण हे सर्व वाचताना मी अडकलो तो 1923 पाशी. तिथे मी तीन रात्री बसलो.

गोष्ट सुरू झाली नगरपालिकेपासूनच. जबलपूरच्या नगरभवनावर मार्चमध्ये काँग्रेसचे निशाण चढले. पांढरा, हिरवा, तांबडा असे पट्टे आणि वर चरखा. तेव्हाचे निशाण तसे होते. ते गांधीजींनी मान्य केले तेव्हा रंगांना समाजांचे अर्थ होते. पुढे 1931 साली केशरी, पांढरा, हिरवा झाले तेव्हा मुद्दाम सांगितले गेले की रंगांना जातिधर्माचा अर्थ लावू नये. आणि 22 जुलै 1947 ला चरख्याच्या जागी चक्र आले. तर ते निशाण सरकारने खाली उतरवायला लावले. नगरपालिकेच्या इमारतीवर नगराने काय लावायचे, एवढाच प्रश्न. तिथून वणवा आमच्या नागपुरात आला. 1 मे 1923 पासून स्वयंसेवकांच्या तुकड्या हातात निशाण घेऊन सिव्हिल लाइन्सकडे निघू लागल्या. त्या रस्त्याने निशाण न्यायला बंदी होती. तुकडी निघे, अडवली जाई, तुरुंगात जाई. दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी. जमनालाल बजाज पकडले गेले. मग वल्लभभाई पटेल आले. नागपूरचा उन्हाळा ज्याला ठाऊक आहे त्याला मे महिन्याचा अर्थ सांगायला नको. दीड हजारांहून अधिक माणसे तुरुंगात गेली. 18 ऑगस्टला निशाण त्या रस्त्याने गेले.

ती माणसे कुठली होती, हे मी पाहू लागलो. गुजरातेतली होती, बिहारातली होती, कर्नाटकातली, तामिळ मुलखातली होती. ज्यांनी आयुष्यात नागपूर पाहिले नव्हते ती नागपूरच्या एका रस्त्यासाठी आगगाडीत बसून तुरुंगात जायला आली. त्या रस्त्याने मी रोज कॉलेजला जातो. रोज. परवा तिथे सिग्नलपाशी थांबलो असताना मनात आले, यांना कोणी विचारले असेल काय, तुमचे मूळ गाव कोणते?

हा प्रश्न मला झोंबण्याचे कारण आहे. मी कोराडीत जन्मलो, कोराडीच्या शाळेत शिकलो, सेहेचाळीस वर्षे कोराडीचे पाणी प्यालो. तरी चहाच्या टपरीवर नव्याने ओळख झालेला माणूस दोन मिनिटांत विचारतो, ‘‘सर, तुम्ही मूळचे कुठचे जी?’’ कारण माझे आडनाव घाटावरचे, आणि माझ्या बोलण्यात ‘करून राहिलो’ येत नाही. आणि मीही मुकाट्याने सांगतो, सातारकडचे. साताऱ्याकडच्या त्या वाडीला मी उभ्या आयुष्यात पाच वेळा गेलो असेन. तिथे गेलो की तिथले लोक म्हणतात, ‘‘नागपूरकर आले!’’

बाबा 1973 साली इकडे आले. औष्णिक वीज केंद्राची उभारणी चालू होती. पहिला संच 1974 साली सुरू झाला. दादा तेव्हा चार वर्षांचा होता. बाबांच्यासारखी माणसे कुठून कुठून आली. कोकणातली, खानदेशातली, केरळातली, आंध्रातली. वसाहत उभी राहिली. गावठाणातले जुने लोक तिला ‘कॉलनी’ म्हणत आणि आम्हाला ‘कॉलनीवाले’. पुढे बाबांनी गावात घर बांधले, पण शब्द तोच राहिला.

तर अशा गावाचे चिन्ह काय काढावे? मी चार जणांना विचारले, तीच चूक. टपरीवाला म्हणाला, ‘‘सर, देवीशिवाय कोराडीत काय हाये? इचारता काऊन?’’ त्याचे खरे आहे. जगदंबेच्या देवळामुळेच कोराडीचे नाव दूरवर आहे. गावाचे जुने नाव जाखापूर. झोलन राजाला सात मुलगे होते पण मुलगी नव्हती, त्याने यज्ञ केला आणि जाखुमाई प्रकटली, अशी कथा आहे. सकाळी देवीचे रूप बालिकेचे, दुपारी तरुणीचे, संध्याकाळी प्रौढेचे दिसते असे भाविक सांगतात. नवरात्रात हजारो अखंड ज्योती लावतात. त्या दालनात पाय ठेवला की प्रकाशाबरोबर उष्माही अंगावर येतो. बाबांचे एक जुने सहकारी, तेही आता निवृत्त, म्हणाले, ‘‘छे छे, चिन्ह म्हणजे चिमणीच. छिंदवाड्याच्या रस्त्याने येताना आधी काय दिसतं? चिमणी दिसली की बायको पिशव्या गोळा करायला लागते.’’ हेही खरे. जुने बहुतेक संच बंद झाले, 660 मेगावॅटचे तीन नवे आले, पण आकाशात गावाची खूण तीच. कॉलेजातले संस्कृतचे सहकारी म्हणाले, चित्र काहीही काढा, बोधवाक्य माझ्याकडून घ्या. धाकटीला तलाव हवा होता.

मी तिलाच कागद आणि रंग दिले. तिने ते निशाण समोर ठेवले आणि एकदम ओरडली, ‘‘बाबा, हे आपल्या चिमणीसारखं आहे!’’

मी पाहिले. उंच धुराड्यांच्या वरच्या टोकाला, विमानांना दिसावे म्हणून, तांबडे-पांढरे पट्टे असतात. ब्रेमेनचे निशाण उभे धरले तर तेच. इतके दिवस मी संत, सिंह आणि सम्राज्ञी यांच्यात फिरत होतो आणि तेरा वर्षांच्या मुलीने खिडकीतून बाहेर पाहिले. आता मला बर्लिनचे अस्वल आठवले. कोटी! चिमणी म्हणजे धुराडे आणि चिमणी म्हणजे पाखरू. आणि घरातली ती चिमणी, जिला हे पाठवायचे. असे बोलके चिन्ह जर्मनीतही सापडायचे नाही. मी उत्साहाने बाबांना सांगायला गेलो.

बाबा झोपाळ्यावर होते. ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘तिसरी चिमणी विसरलास.’’

‘‘तिसरी?’’

‘‘रॉकेलची.’’

मराठीच्या प्राध्यापकाने मान खाली घालावी असा तो क्षण होता. काचेवाचूनची ती पत्र्याची चिमणी मी पुस्तकांतून वाचली आहे. बाबांनी तिच्या उजेडात अभ्यास केला आहे. ते हळूहळू सांगू लागले. वाडीत वीज नव्हती. सकाळी नाकात काजळी असायची. कोराडीला नोकरी लागल्याचे सांगितले तेव्हा आजीने विचारले होते, ती वीज आपल्याकडे येईल का रे? ‘‘मी म्हटलं, येईल की. आणि आलीही, पण ती पाहायला आई राहिली नव्हती,’’ बाबा म्हणाले. ‘‘आम्ही एक चिमणी विझवायला दुसरी उभी केली, एवढंच काय ते.’’ आणि मग, पायाने झोपाळ्याला रेटा देत, कोणाकडेही न पाहता म्हणाले, ‘‘अण्णा स्टँडवर पोचवायला आले नाहीत मला. घर मोडून चाललास, म्हणाले. सव्वा वर्ष पत्र नव्हतं त्यांचं. मी दर महिन्याला टाकायचो.’’

अण्णा म्हणजे आमचे आजोबा. ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होतो. जिन्याच्या वरच्या पायरीवर दादा उभा होता. तो खाली आला नाही आणि वरही गेला नाही.

‘‘मग पत्र आलं तेव्हा काय लिहिलं होतं?’’ धाकटीने विचारले.

‘‘काही नाही. पाऊस बरा आहे, म्हैस व्याली.’’

चित्र शेवटी असे झाले. ढालीवर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची उभी चिमणी. तिच्या टोकातून धूर न निघता एक ज्योत, देवीच्या देवळातली म्हणा किंवा रॉकेलच्या चिमणीची म्हणा. पायथ्याशी निळी रेघ, तो तलाव. आणि रेघेवर एक पाखरू, जे शास्त्राच्या दृष्टीने फार मोठे झाले आहे. पण मुलीने ते पुसू दिले नाही. मागचा रंग कोणता द्यावा यावर वाद झाला. मी निळा म्हणालो, सौभाग्यवती हळदीचा पिवळा म्हणाल्या. बाबा म्हणाले, ‘‘राखेचा घाल. तीही गावाचीच.’’ राखाडी झाला. बोधवाक्य घातले नाही. संस्कृतचे सहकारी अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी पाकीट तयार केले आणि पत्ता लिहायला पेन शोधत होतो. दादा आला, त्याने पाकीट ओढून घेतले आणि स्वतः पत्ता लिहिला. बँकेत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाचे ठसठशीत अक्षर. चिमणीचे दाखल्यावरचे पूर्ण नाव, मध्ये स्वतःचे. ब्रेमेनचा तो जिभेला पीळ पडणारा रस्ता त्याने कुठे न पाहता लिहिला. त्याला पाठ होता. पाठवणाऱ्याच्या जागी आपले नाव लिहून क्षणभर थांबला आणि खाली लिहिले, कोराडी, जिल्हा नागपूर.

‘‘पोस्टात मी येतो,’’ तो म्हणाला.

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीतल्या मुलाने वजन केले, पैसे सांगितले, पावती छापली आणि मग तो गोल, काळा, तारखेचा शिक्का उचलून पाकिटावर मारला. शाई कमी होती. अर्धे वर्तुळ उमटले, अक्षरे पुसट.

दादाने पाकीट डोळ्यांजवळ नेऊन पाहिले आणि पुन्हा खिडकीतून आत सरकवले.

‘‘अहो, शाई लावून परत मारा जरा,’’ तो म्हणाला. ‘‘गावाचं नाव वाचता आलं पाहिजे.’’